दुपट्यात न राहणाऱ्या बाळाला रात्री घालायचं तरी काय?

पुण्याची बाळंतीण

मुलगा 19 दिवसांचा आहे, मी माहेरी आहे. त्याला गुंडाळलेलं मुळीच चालत नाही. आई अंघोळ घालून, धुरी देऊन दुपट्यात घट्ट बांधते. तो लालबुंद होऊन कण्हत राहतो आणि दहा मिनिटांत दोन्ही हात बाहेर काढतो. परवा रात्री अडीचला जाग आली, तर सुटलेलं दुपटं त्याच्या नाकापर्यंत आलं होतं. त्या क्षणी ठरवलं की रात्रीचं बांधणं बंद.

माझं मत स्पष्टच सांगते. जे बाळ हातपाय मोकळे मागतंय त्याला तसंच झोपू द्यावं आणि अंगात नीट बसणारा एकच कपडा घालावा. सुटं पांघरूण नको. आईला हे पटत नाही. ‘तान्ह्याला असं उघडं टाकतात का?’ हे दिवसातून चारदा ऐकते.

अडचण अशी, की बाळंतविड्यात आलेले कपडे झोपायच्या कामाचे नाहीत. सॅटिनची झबली, झालर लावलेली कुंची, मानेला टोचणारी लेस. पाठीवर बटणं असलेली दोन आहेत. दिवसभर पाठीवर झोपणाऱ्या जिवाला पाठीवर बटणं कोण लावतं? तुम्ही काय घालता, आणि गुंडाळण्याबद्दल तुमचं मत काय?

सांगलीची आजी

तुझी आई बरोबर आहे, मुली. तीन मुलं आणि पाच नातवंडं या हातांनी न्हाऊमाखू घातली. नऊ महिने गर्भात आवळून बसलेलं लेकरू, त्याला मोकळेपणाची भीती वाटते. झोपेत दोन्ही हात फेकून दचकतं ते उगाच नाही. गुंडाळलं की दचकणं थांबतं आणि बाळंतिणीलाही दोन तास पाठ टेकता येते.

तुझं दुपटं नवंकोरं, खळीचं असणार. आम्ही आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे वापरायचो, पन्नास वेळा धुतलेले. ते अंगाला लागतसुद्धा नाहीत. आधी कापड बदल, मग बाळाला नावं ठेव.

दोन मुलींची आई

आजी, कापडाचं पटलं. पण ‘घट्ट’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. माझी धाकटी पायाळू होती. सहाव्या आठवड्यात तिचा खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही असं सोनोग्राफीत दिसलं. पुढे कित्येक आठवडे ती पावलिक हार्नेसच्या, म्हणजे पाय दुमडून फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांत होती, दिवसातले जवळजवळ सगळे तास. मूळ कारण पायाळू असणं हेच, शिवाय मुलींमध्ये हा दोष जास्त आढळतो. पण डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो ‘पाय सरळ करून बांधता का?’ हा होता. आम्ही बांधत होतो.

तान्ह्याचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेले राहिले तर खुब्याची वाटी नीट घडते. ते ओढून सरळ बांधले की मांडीच्या हाडाचा गोळा वाटीबाहेर ढकलला जातो. जपानमध्ये 1975 च्या सुमारास पाय सरळ बांधू नका अशी देशभर मोहीम झाली आणि त्यानंतर हा दोष असलेल्या बाळांचं प्रमाण झपाट्याने घटलं.

तेव्हा गुंडाळायचंच असेल तर छातीपाशी आपली दोन बोटं आत जातील इतकं सैल, आणि कमरेखाली पूर्ण मोकळं.

सांगलीची आजी

बाई, तुझ्या लेकीने सोसलं ते वाईटच. पण पाय आवळा असं मी कुठे म्हटलं? आमच्याकडे हात छातीशी घेऊन वरचं अंग बांधायचे, खाली लंगोट आणि पाय मोकळे. शिवाय आपली मुलं कडेवर वाढतात, पाय फाकवूनच बसतात की. सरसकट जुनं ते चूक ठरवू नका.

दोन मुलींची आई

कडेवरचं अगदी खरं आहे, ती बैठक खुब्याला चांगलीच. पण कडेवर यायला मान धरावी लागते, आजी. मी बोलतेय ते त्याआधीच्या महिन्यांबद्दल.

म्युनिककर

माझा मुलगाही असाच, गुंडाळलं की रडायचा. इथे जर्मनीत बाळंतपण झाल्यावर घरी येणाऱ्या सुईणीने पहिल्याच भेटीत सगळी सुटी पांघरुणं पाळण्यातून काढायला लावली. त्याऐवजी झोपायची पिशवी: वर बिनबाह्यांची बंडी, खाली फुगीर बंद झोळ. हात बाहेर, पाय आत हवे तसे हलतात आणि पांघरूण तोंडावर येत नाही. पिशवीच्या उबदारपणाला ‘टॉग’ हे माप असतं. साधारण 24 ते 27 अंशांच्या खोलीत 0.5, 20 ते 24 मध्ये 1 आणि 16 ते 20 मध्ये 2.5. गळा आणि काखा मात्र नीट मापाच्या हव्यात, नाहीतर बाळ आत घसरतं. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठी घेऊ नये.

माझ्या आईने भारतातून कुंची आणि लोकरीची टोपडी आणली होती. ती बाहेर फिरताना वापरली, झोपताना नाही. तान्ह्या बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते, ते झाकलं तर बाळ तापतं. टोपडं घसरून नाकावर आलं तर तो धोका वेगळाच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या सूचनांतही घरात झोपलेल्या बाळाला टोपी नको असंच आहे. वजन भरलेल्या पिशव्या आणि दुपटी मिळतात, त्यांनाही त्यात नकार आहे.

नागपूरचा बाबा

म्युनिकचं म्युनिकला ठीक. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. कूलर लावूनही खोली तीसच्या वर असते, तिथे ही पिशवी म्हणजे बाळाला शिक्षा. मुलगी एप्रिलमध्ये झाली. पहिले चार दिवस घरच्यांच्या आग्रहाखातर दुपटं, टोपडं, मोजे सगळं घातलं आणि पाचव्या दिवशी मानेवर, पाठीवर घामोळं फुललं. मग नुसतं मलमलचं बिनबाह्यांचं झबलं आणि लंगोट. रडणं निम्म्यावर आलं.

सगळे बाळाचे तळहात, तळपाय चाचपून ‘गार पडलंय’ म्हणतात. ते गारच असतात, तान्ह्यांचा रक्तपुरवठा तिथवर अजून नीट पोचत नाही. हात लावायचा तो छातीला आणि मानेच्या मागे. तिथे घाम किंवा चटका लागला तर एक कपडा कमी करायचा.

अकराशे ग्रॅमची मावशी

तुम्ही सगळे पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळांबद्दल बोलताय. माझी भाची बत्तिसाव्या आठवड्यात झाली, वजन 1100 ग्रॅम. तिच्या अंगावर ऊब धरून ठेवणारी चरबीच नव्हती. रुग्णालयात टोपडं आणि पायमोजे सक्तीचे होते, आणि बहिणीच्या छातीला उघड्या अंगाने बांधून तासन्‌तास ठेवायचे. ती कांगारू पद्धत दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरातून आली, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. ‘मोकळं ठेवा, टोपी काढा’ हे वाचून एखादी आई दीड किलोच्या बाळाला उघडं ठेवेल याची मला खरंच भीती वाटते. वजन कमी असेल तर इथलं काही ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

म्युनिककर

मावशी, हे मीच आधी लिहायला हवं होतं. माझं म्हणणं पूर्ण दिवसांच्या, वजन धरलेल्या बाळापुरतंच.

नागपूरचा बाबा

कपड्यांचं राहिलंच. रात्रीचं लंगोट बदलणं आमच्या घरी माझ्याकडे होतं, म्हणून अनुभवाने सांगतो. डोक्यावरून घालायचे कपडे पहिला महिना नकोत. पुढून एकावर एक येणारं, बाजूला नाडीने बांधायचं आपलं जुन्या पद्धतीचं झबलं सगळ्यात चांगलं. नाळ पडेपर्यंत बेंबीला घासत नाही आणि मान न हलवता चढतं. नाडी मात्र आखूड हवी, गळ्यापाशी तर नकोच. थंडीत पायांपर्यंतचा सूट घ्यायचा तर खालून उघडणारी चेन बघा, म्हणजे छाती उघडी न पाडता काम होतं.

हातमोजे घालूच नका. आतला सुटा दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबतं आणि बाहेरून दिसत नाही. नखं बाळ झोपेत असताना कापा. पायमोजेही घालण्याआधी उलटे करून बघायचे. आणि भूक लागलेलं बाळ हात तोंडाकडे नेतं. हात झाकले की ती खूण आपल्याला कळत नाही, थेट रडणंच ऐकू येतं.

सांगलीची आजी

आणि डास? पुण्यात डेंग्यूची साथ असते. बिनबाह्यांचं घालून ठेवाल आणि सकाळी लेकराच्या दंडावर गांध्या मोजाल.

नागपूरचा बाबा

डासांचं खरं आहे आजी. लांब बाह्यांचं पातळ मलमल आणि पाळण्याला ताणून बांधलेली मच्छरदाणी, जिचा कोपरा आत लोंबत नाही.

दोन मुलींची आई

पुण्याच्या ताई, एक गोष्ट आईंनाही सांगा. गुंडाळलेलं बाळ कुशीवर किंवा पोटावर गेलं तर त्याला हात टेकून तोंड वळवता येत नाही. म्हणून गुंडाळणाऱ्यांनीही बाळ नेहमी उताणंच ठेवावं, आणि ते वळायची पहिली धडपड करू लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद. काही बाळं तिसऱ्या महिन्यातच वळू पाहतात. तुमचा मुलगा आजच बांधून घ्यायला नकार देतोय, तर पुढची एक सवय मोडायचा त्रास वाचला.

दचकणं मात्र राहील. खाली ठेवताना आधी पाय, मग कंबर, शेवटी डोकं टेकवा, आणि तळहात त्याच्या छातीवर मिनिटभर राहू द्या. आमच्याकडे याचा उपयोग दुपट्याहून जास्त झाला.

पुण्याची बाळंतीण

सगळ्यांचे मनापासून आभार. बाळाचं वजन तीन किलो आहे, डॉक्टरांनाही काल विचारून घेतलं. रात्री नाडीचं, लांब बाह्यांचं मलमलचं झबलं आणि लंगोट एवढंच घातलं, पंखा एकवर. दोनदा दचकला, छातीवर हात ठेवल्यावर पुन्हा झोपला. दूध प्यायला तीनदा उठला, तेवढा तो रोजच उठतो. कण्हणं अजिबात नाही.

आईशी असं ठरलंय की अंघोळीनंतरचा तासभर तो तिच्या मांडीवर, तिच्या पद्धतीने, पण पाय मोकळे ठेवून. तिने माझ्या आजीच्या जुन्या नऊवारीचे चार तुकडे काढून उकळत्या पाण्यात टाकलेत. त्यातल्या दोनाची झबली शिवणार आहे.

सांगलीची आजी

शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांग तिला, आत टोचते. पोर बांधल्याशिवाय झोपत असेल तर माझा हट्ट नाही. पण पहाटेच्या गारव्यात टोपडं हवं, हे मी अजूनही म्हणते.

म्युनिककर

आजी, पहाटे गार वाटलं तर आतून एक झबलं वाढवा. टोपडं नको.