फोर्सेप्सच्या बाळंतपणानंतर गुदद्वाराच्या स्नायूची सुईची ईएमजी (स्नायूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) सांगितली आहे, कुणी केली आहे का?

सातपूरची_आई
वय ३१. चार महिन्यांपूर्वी दुसरी मुलगी झाली, ३.८ किलोची, फोर्सेप्स (बाळाला ओढून काढायचा चिमटा) लावावे लागले. तेव्हापासून गॅस आवरत नाही, कधी पातळ संडासही. गेल्या रविवारी पंचवटीत मामेसासूंकडे बारशाला गेले होते, ताटावरून उठून घरी आले.

दोन महिने फिजिओथेरपी केली. वरून पट्टी लावून स्क्रीनवर ईएमजीची रेघ दिसते, ती वर न्यायची, म्हणजे आवळायचं. रेघ आता झकास वर जाते, त्रास मात्र तसाच. आता न्यूरॉलॉजिस्टनी 'क्वांटिटेटिव्ह ईएमजी' लिहून दिली आहे, गुदद्वाराच्या स्नायूत सुई घालून. नवरा म्हणतो, ईएमजी तर झाली ना एकदा? सासूबाई म्हणतात, बाळंतपणात असं होतंच, कशाला टोचून घेतेस. खरंच वेगळी आहे का ही? दूध अंगावर आहे, चालेल ना?

लॅबवाली_नाशिकरोड
ताई, मी १४ वर्षं ईएमजीच्या खोलीत काम करते. दोन्ही तपासण्या अगदी वेगळ्या. फिजिओकडची पट्टी वरून सगळ्या स्नायूंचा एकत्र आवाज पकडते. कुल्ले आवळले तरी रेघ वर जाते. नस कशी आहे हे त्यातून कळत नाही.

सुई स्नायूच्या आत बसते. एक नस-पेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू मिळून जी एक लहर उठते, ती सुटी दिसते. अशा साधारण २० लहरी गोळा करून कॉम्प्युटर प्रत्येकीची लांबी, उंची आणि वळणं मोजतो आणि निरोगी लोकांच्या आकड्यांशी ताडतो. क्वांटिटेटिव्ह म्हणजे एवढंच: नुसत्या नजरेचा अंदाज नाही, मोजमाप.

आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. एखादं झाड मेलं की शेजारच्या झाडाचा ओलांडा (आडवी फांदी) वाढवून ती जागा भरतात. नसेचंही तसंच. फोर्सेप्सच्या वेळी प्युडेंडल नस (गुदद्वाराच्या स्नायूला हुकूम देणारी) ताणली जाऊन काही तंतू मेले, तर वाचलेल्या तंतूंना फुटवे फुटतात आणि पोरके स्नायूतंतू ते सांभाळतात. पण नव्या फुटव्यांतून संदेश हळू जातो, म्हणून लहर लांबते, वळणं वाढतात. ते दिसलं की समजायचं, नस दुखावली होती आणि आता भरून काढते आहे. हे दिसायला काही महिने जावे लागतात, म्हणून तुमची चार महिन्यांची वेळ योग्य आहे.

आणि सासूबाईंना माझ्यातर्फे नम्रपणे सांगा, 'होतंच' म्हणून बायका वीस-वीस वर्षं गप्प बसतात. मी त्यांना रोज बघते.

इंदिरानगर_८७
माझी मागच्या वर्षी झाली. कुशीवर झोपवतात, पांघरूण असतं. बाई डॉक्टर किंवा सिस्टर हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, मी सांगितलं होतं. सुई शिरताना चांगलीच झोंबते, खोटं नाही सांगत, मग सुसह्य होतं. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना घालतात. मशीनमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज येत राहतो. मी अंग सैल सोडलं तरी थांबेना, तेव्हा घाबरले. डॉक्टर म्हणाले, हा स्नायू झोपेतही जागा असतो, आवाज यायलाच हवा. मग खोकायला लावलं, आवळायला लावलं. अर्ध्या तासात मोकळी. औषध काही टोचत नाहीत, मी घरी येऊन लगेच बाळाला पाजलं.

फिजिओ_गंगापूररोड
दोन गोष्टी. एक, गुदद्वाराभोवतीचं स्नायूचं कडं फाटलंय का, हे आतून केलेल्या सोनोग्राफीतच नीट दिसतं. झाली नसेल तर विचाराच, कारण फाटलेलं कडं शिवावं लागू शकतं आणि नस दुखावली असेल तर वेगळं नियोजन. दोन, कुणी ईएमजीऐवजी नुसती नसेच्या वेगाची तपासणी सुचवली, तर त्यावर विसंबू नका. १९८० च्या दशकात ती फार चालली, पण ती फक्त सर्वांत वेगवान तंतूंचं सांगते. अर्धी नस गेली तरी निकाल चांगला येऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी कळवा. व्यायाम बंद करू नका, फक्त कुल्ले सैल ठेवून करा.

सातपूरची_आई
कुल्ल्यांचं वाचलं आणि आत्ता आडवी पडून करून बघितलं. सैल ठेवले तर काहीच आवळलं जात नाही. दोन महिने मी तेच वर नेत होते बहुतेक. सोनोग्राफी झालेली नाही, उद्या फोन करते. ईएमजीची वेळ गुरुवारी साडेदहाची आहे. सासूबाई बाळाला घेऊन सोबत येणार आहेत, लॅबवाली ताईंचा निरोप मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला.