"लपवायचं काही नाही तर भीती कसली?" म्हणणाऱ्यांसाठी

माळावरचा

काल इथंच 'जुळे सोलापूरकर' यांनी लिहिलं: "फेसबुकवर जेवणाचं ताट टाकता, गुगलला घरचा रस्ता दाखवता, मग सरकारी ॲपलाच का घाबरता? २०२० ला करोनाचे संपर्क शोधणाऱ्या आरोग्य सेतू ॲपवर शंका काढणाऱ्यांमुळंच साथ पसरली. पुढच्या साथीला ॲप पहिल्या दिवसापासून सक्तीचं पाहिजे." खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर पुढं सरका.

ताट मी माझ्या हौसेनं टाकतो. नाही टाकलं तर मला कुणी गेटवरून घरी पाठवत नाही. १ मे २०२० च्या गृह मंत्रालयाच्या आदेशात काय होतं ते विसरलात का? सरकारी असो, खासगी असो, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या फोनात ॲप पाहिजे आणि जबाबदारी संस्थेच्या प्रमुखाची. नोएडात तर ॲप नसणं हाच गुन्हा ठरवला होता. १७ मे ला तोच आदेश "शक्य तितका प्रयत्न करा" इतका मऊ झाला. पण मऊ झालेला आदेश खालपर्यंत पोचत नाही, कडक तेवढा पोचतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. लॉकडाऊननंतर माग चालू झाले तेव्हा मला गेटवर टेबल टाकून बसवलं. ताप बघायची बंदूक, सॅनिटायझरचा कॅन आणि रकाने आखलेली वही. शेवटचा रकाना 'ॲप हिरवे', म्हणजे ॲप ह्या माणसाला धोका नाही म्हणतंय. निम्म्या कामगारांकडं बटणाचे फोन. एकजण पोरीचा फोन घेऊन आला, तिची शाळा त्याच फोनवर, ती घरी रडत बसलेली. दुसऱ्या दिवशी पोरीनं फोन दिला नाही, मग ह्यानं शेजारच्या मागावरच्या माणसाचा मागून घेतला. आठवडाभरात अशी वेळ आली की एकच फोन हिरवा होऊन गेटवरून पाच-सहा जणांना आत सोडायचा, परत बाहेर यायचा, परत आत. सगळ्यांच्या नावापुढं 'होय'. सांगा आता, त्या ॲपनं नक्की कुणाचा संपर्क शोधला?

आणि कायदा? सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ लाच खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगून टाकलं होतं. पण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. ज्यांच्या समितीनं त्या कायद्याचा पहिला मसुदा केला, ते निवृत्त न्यायमूर्ती श्रीकृष्णच ॲपच्या सक्तीला बेकायदा म्हणाले होते. त्यांनी पण साथ पसरवली का?

जुळे सोलापूरकर

नाव घेऊन लिहिलंत, बरं केलंत. उत्तर देतो.

माझा धाकटा भाऊ जुलै २०२० मध्ये गेला. घरातल्याच एका तेराव्याला एक पाव्हणा अंगात ताप असताना गोळी खाऊन पंगतीला बसला. कुणाला सांगितलं नाही. का? तर लोक काय म्हणतील. भावाला ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत रात्र गेली. तुमचे नऊ न्यायमूर्ती तेव्हा कुठं होते हो? फोन वाजला असता तर आम्ही त्या पाव्हण्याला उंबऱ्यातूनच परत लावला असता.

आकडाच पाहिजे ना? मे २०२० मध्ये सरकारनं सांगितलं होतं की ब्लूटूथवरून सुमारे १ लाख ४० हजार लोकांना सावध केलं. त्यात कुणाचा तरी भाऊ वाचला असेल. तुमच्या वहीतल्या रकान्यापेक्षा मला ते मोठं वाटतं.

रापलेला कोडर

काका, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण आरोग्य सेतू असा फोन वाजवत नव्हतं. समोरच्याला नुसता ताप आहे म्हणून तुम्हाला काहीच कळलं नसतं. त्याची तपासणी व्हायला पाहिजे, तो पॉझिटिव्ह यायला पाहिजे, त्याच्या फोनातली भेटीगाठींची यादी सर्व्हरवर चढायला पाहिजे, मग तुम्हाला इशारा. गोळी खाऊन पंगतीला बसणारा माणूस तपासणीला जातो होय?

माळावरचे, तुम्ही पण थोडं खाली या. ॲप म्हणजे आपोआप पाळत असं नसतं. ॲपल आणि गुगलनं मिळून जी पद्धत काढली तिच्यात कोण कुणाला भेटलं याची जुळणी फोनातच व्हायची, सरकारच्या हाती यादी यायची नाही. जर्मनीनं जून २०२० ला तीच घेतली. ब्रिटननं आधी मध्यवर्ती सर्व्हरचा हट्ट धरला, तो सोडला आणि मग हीच घेतली. त्यांच्या ॲपनं लाखो लागणी टळल्या असा अंदाज २०२१ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. म्हणजे खासगीपणा सांभाळून काम होतं. आपल्याकडं ब्लूटूथबरोबर जीपीएस पण घेतलं, दर पंधरा मिनिटांनी जागेची नोंद, वर नाव, वय, व्यवसाय, नंबर. एवढं कशाला लागतं?

आणि ब्लूटूथला भिंत कळत नाही. आपल्या पेठेतल्या वाड्यात पलीकडच्या खोलीत झोपलेला माणूस पण फोनला 'संपर्क' वाटतो.

होटगी रोड

चालू द्या तुमचं. वीस सेकंद हात धुवा म्हणून फोनच्या कॉलर ट्यूनवर बाई बोलायची, आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. धरण उशाला, कोरड घशाला. त्याचं ॲप कुणी काढत नाही बे.

रापलेला कोडर

विषय काय, बोलताय काय.

होटगी रोड

विषय साथीचाच हाय की. पुण्यात बसून चोवीस तास नळ चालू असला की कळत नाही.

विडी घरकुलची लेक

मोठमोठ्या गोष्टी चालल्यात, मी साधी सांगते. आमच्या घरात तेव्हा स्मार्टफोनच नव्हता. आईच्या नाकातलं घेऊन गेले. रिपोर्टचा फोन आम्हाला यायच्या आधी मामीचा आला, "अगं, व्हॉट्सॲपवर यादी आलीय, त्यात तुझ्या आईचं नाव आहे." नाव, वय, गल्ली, सगळं. पीडीएफ होती. दुपारी पत्रे मारायला माणसं आली. बोळाच्या दोन्ही तोंडाला बांबू आणि पत्रे. वरून पिशवी सोडून दूध घ्यायचं, तर दूधवाल्यानं ते पण बंद केलं.

आई बरी होऊन आली. काम परत चालू झाल्यावर विड्या घेऊन गेली तर मोजणाऱ्यानं तिचा माल बाजूला काढून ठेवला. छाट, म्हणजे खराब विडी म्हणून नाही. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून. तिच्या हातची विडी बाकीच्या बायकांनी पण शिवली नाही. दिल्लीच्या सर्व्हरमध्ये काय होतं ते मला माहीत नाही. आमचं वाटोळं एका पीडीएफनं केलं.

जुळे सोलापूरकर

ताई, हेच तर मी बोंबलून सांगतोय! ॲप कुणाचं नाव शेजाऱ्याला सांगत नाही. हे पाप माणसांनी केलं. ॲप असतं तर पत्र्यांची गरजच पडली नसती. अर्थात पेठेत पत्रे नसते तर लोक घरात थांबले असते का, हा प्रश्न आहेच.

सेटलमेंट नाका

"पेठेत" म्हणजे काय हो? जुळे सोलापुरात अपार्टमेंटमध्ये पेशंट निघाला की गेटवर एक कागद चिकटवायचे. लिफ्ट चालू, पार्सल चालू. पूर्व भागात एक निघाला की अख्खा बोळ कोंडायचे. पत्र्यामागं लोकं कुठली होती ते बघा आणि मग बोला.

जुळे सोलापूरकर

गर्दी कुठं जास्त होती ते पण बघा. एका खोलीत आठ माणसं. साथीला जात-पात, पेठ-बंगला कळत नाही.

सेटलमेंट नाका

साथीला नाही कळत. पत्रे मारणाऱ्याला बरोबर कळतं.

माळावरचा

शब्दाला शब्द वाढवू नका. पत्रे हा वेगळा विषय आहे.

सेटलमेंट नाका

वेगळा नाही. जुळेकाका "लपवायचं काही नाही तर भीती कसली" म्हणतात ना, त्यांना माझ्या आज्याची गोष्ट ऐकवतो. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. जन्मानंच गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, म्हणून आजपण आमच्या वस्तीला सेटलमेंटच म्हणतात. आजा मिलमध्ये कामाला जायचा, पण सकाळ-संध्याकाळ हजेरी. बाहेरगावी जायचं तर पास. बहिणीच्या लग्नाला जाताना पासावर लिहिलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर कोठडी. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ ला कायदा रद्द झाला तरी आजा संध्याकाळ झाली की उगाच उठून उभा राहायचा, आजी सांगायची.

त्या कायद्याच्या कागदावर पण "समाजाच्या सुरक्षेसाठी" असंच काहीसं लिहिलं होतं. त्यानं कधी चोरी केली नव्हती. लपवायचं काहीच नव्हतं त्याला.

जुळे सोलापूरकर

आता हे अती झालं. कुठं इंग्रजांचं कुंपण, कुठं आजाराचं ॲप! प्रत्येक गोष्टीत जुना अन्याय काढून बसलात तर कुठलंच काम होणार नाही. माझा भाऊ मेलाय हो. तुम्हाला इतिहास सुचतोय.

सेटलमेंट नाका

तुमचा भाऊ गेला त्याचं दुःख खरं. माझा आजा उभा राहायचा ते पण खरं. एकाच्या दुःखानं दुसऱ्याचं खोटं पडत नाही.

आशाताई वॉर्ड क्रमांक विसरा

सगळे शांत व्हा जरा. संपर्क शोधायला दारात मी उभी होते, ॲप नाही. माझ्याकडं एक वही, एक मास्क, जो धुऊन परत वापरायचा. केंद्राकडून जादाचे महिना हजार रुपये, ते पण कधी यायचे ते विचारू नका. २०२१ च्या जूनमध्ये संपावर गेलो तेव्हा हेच ॲपवाले म्हणाले, साथीत संप करता, लाज नाही वाटत?

"गेल्या दहा दिवसांत कुणाला भेटलात?" असं विचारलं की सगळे म्हणायचे "कुणालाच नाही, ताई". नंबर मुद्दाम चुकीचे द्यायचे. ओट्यावर टेकून पोराबाळांचं विचारलं, पाणी मागून प्यायले, की मग हळूच निघायचं, "तशी जाऊ येऊन गेली परवा". एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की ज्या घरी गेलो होतो ते बायकोला कळू देऊ नका. मी वहीत नुसता पत्ता लिहिला, कारण लिहिलं नाही. त्या माणसानं ॲप टाकलं असतं? फोनच घरी ठेवून गेला असता.

पण यादी फुटल्यावर माझी पंचाईत झाली. मामीच्या फोनवर पीडीएफ आली ना, त्यानंतर त्या भागात मला कुणी दार उघडलं नाही. आधी बोलणारे पण गप्प.

रापलेला कोडर

आशाताईंनी पूर्ण मुद्दा सांगून टाकला. भरोसा एकदा गेला की वही पण चालत नाही, ॲप पण चालत नाही. सिंगापूरचं बघा. त्यांचं ट्रेसटुगेदर ॲप मार्च २०२० ला आलं, माहिती फक्त साथीसाठी म्हणून मंत्र्यांनी सांगितलं. जानेवारी २०२१ ला कळलं की पोलीस गुन्ह्याच्या तपासाला ती घेऊ शकतात. सिंगापूरसारखं शिस्तीचं गाव, तिथं बोंब झाली. आपल्याकडं जून २०२३ मध्ये लस घेतलेल्यांचे जन्मसाल, ओळखपत्राचे नंबर टेलिग्रामच्या बॉटवर निघाले. कोविनमधून, म्हणजे लशीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवरून, थेट गळती झाली हे सरकारनं नाकारलं. पण ज्यांचे नंबर निघाले त्यांना काय फरक पडतो?

जुळे सोलापूरकर

बरं बाबा. विद्वान मंडळी जिंकली. सक्ती नको, जीपीएस नको, नाव नको, नंबर नको. पुढच्या साथीला आपण सगळे ओट्यावर टेकून पोराबाळांचं विचारू. आणि कोडरसाहेब, ती जर्मनीची पद्धत एवढी चांगली होती तर बटणाच्या फोनवर चालली असती का? माळावरच्यांच्या गेटवर परत तोच एक फोन फिरला असता.

माळावरचा

हे मात्र खरंय. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ नंबर काढला होता, मिस कॉल द्या म्हणून. आमच्या गेटवर तो कुणाला माहीतच नव्हता. पण काका, म्हणूनच सक्ती नको म्हणतोय ना. ज्याच्याकडं फोन नाही त्याची मजुरी बुडवायची, हा कसला साथीचा इलाज? आणि नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी नव्या फोनात संचार साथी हे सरकारी ॲप आधीच घालून द्यायचा आदेश निघाला, डिसेंबरात बोंब झाल्यावर सक्ती मागे घेतली. म्हणजे आरोग्य सेतूतून शिकले काय?

जुळे सोलापूरकर

माझ्या फोनात आरोग्य सेतू अजून आहे. काढणार नाही.

रापलेला कोडर

ठेवा की. संपर्क शोधायचा भाग कधीच बंद केला, ती माहिती पुसली असं सरकारनं २०२३ ला संसदेत सांगितलंय. लशीचं सर्टिफिकेट बघायला कामाला येईल.

होटगी रोड

पुसली हे कुणी बघितलं बे?

रापलेला कोडर

ह्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देऊ शकत नाही. अँड्रॉइड ॲपचा कोड २६ मे २०२० ला उघडा केला होता, तो मी वाचलाय. सर्व्हरवर काय होतं ते त्यात दिसत नाही.

विडी घरकुलची लेक

सर्व्हरचं राहू द्या. आमच्या यादीचं कुणीच बोलेना. ती बाहेर कुणी काढली?

जुळे सोलापूरकर

ताई, टाकली असेल कुणीतरी काळजीपोटी. लोकांनी सावध व्हावं म्हणून.

विडी घरकुलची लेक

काळजीपोटी वय आणि गल्लीचा नंबर लागतो का काका? तुमच्या भावाचं नाव आलं होतं का त्या यादीत?

जुळे सोलापूरकर

आमच्या भागाची यादी निघाली नव्हती.