१९१५ चं भरती-पोस्टर आणि ओवेनची कविता: तुलना कशी करावी?

प्रश्न
एम.ए.च्या सेमिनारसाठी 'बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?' हे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश पोस्टर आणि त्याच युद्धात लढलेला ब्रिटिश कवी विल्फ्रेड ओवेन याची 'डल्से एट डेकोरम एस्ट' ही कविता यांची तुलना करायची आहे. 'पोस्टर युद्धाच्या बाजूने, कविता विरोधात' याच्यापुढे गाडी सरकत नाहीये. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
पोस्टरमधला काळ बघा. छापलंय १९१५ साली, पण प्रसंग युद्ध संपल्यानंतरचा आहे. बाप आरामखुर्चीत, मांडीवर पुस्तक उघडून बसलेली मुलगी, खाली खेळण्यातले सैनिक मांडणारा मुलगा. म्हणजे सगळं सुखरूप पार पडलं हे गृहीतच धरलंय. लढायला गेलेला माणूस मरतो, ही गोष्ट चित्रातून पार पुसून टाकली आहे. उरते ती फक्त लाज. बाप मुलीकडे बघतच नाही, समोर आपल्याकडे बघतो, आणि मूळ इंग्रजीत 'तुम्ही' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. 'भरती व्हा' असं कुठेही लिहिलेलं नाही. ते वाक्य बघणाऱ्याने स्वतःच मनात पूर्ण करायचं.

लाजच का, तर ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी १९१६ मध्ये आला. तोवर माणसं राजीखुशीनेच यायला हवी होती. प्रचार तपासताना चित्रात काय नाही याची यादी आधी करा.

प्रतिसाद २
कवितेत सर्वनामांवर पेन्सिलने खुणा करत जा. २८ ओळी आहेत. आधी 'आम्ही': भिकाऱ्यांसारखे वाकलेले, खोकत चिखल तुडवणारे. मग विषारी वायू येतो, एकाला मुखवटा वेळेत चढवता येत नाही आणि 'मी' त्याला मुखवट्याच्या धुरकट काचेतून, हिरव्या उजेडात बुडताना पाहतो. शेवटच्या १२ ओळी मात्र थेट 'तू'ला उद्देशून, 'जर तू हे पाहिलं असतंस, ऐकलं असतंस, तर…' अशा एकाच लांब वाक्यात. हेही मन वळवणंच आहे! त्यामुळे 'पोस्टर म्हणजे प्रचार, कविता म्हणजे शुद्ध साहित्य' अशी वाटणी करू नका. दोन्हीकडे मुलं आहेत, तुलना तिथे बांधा: पोस्टरमध्ये मूल बापाला जाब विचारतं, कवितेत त्याच मुलांना रोमन कवी होरेसच्या ओळीतलं जुनं खोटं ऐकवलं जातं: 'देशासाठी मरणं गोड आणि योग्य असतं' (शीर्षक त्याच ओळीतलं).

प्रश्नकर्ता
मग थीम 'युद्ध वाईट असतं' अशी लिहिली तर चालेल?

प्रतिसाद ३
नाही, ते शेकडो कवितांना लागू पडेल. कोण, कोणाला, काय सांगतं हे वाक्यात आलं पाहिजे. उदाहरणार्थ: 'ज्यांनी रणांगणावरचं मरण पाहिलेलं नाही, ते मुलांना ते गोड म्हणून सांगतात.' मग प्रत्येक कडव्यातून त्याला एक तरी ओळ आधाराला मिळते का बघा. नसेल तर वाक्य बदला. 'लढू नका' हा संदेशही चिकटवू नका, कवितेत तो नाही. ओवेन स्वतः १९१८ मध्ये आघाडीवर परत गेला आणि ४ नोव्हेंबरला मारला गेला.

प्रतिसाद २
एक राहिलं. कविता ऑक्टोबर १९१७ ची, छापली गेली १९२० मध्ये. एका कच्च्या मसुद्यावर जेसी पोप या भरतीची पद्यं लिहिणाऱ्या कवयित्रीचं नाव आहे. तेव्हा कविता म्हणजे 'या पोस्टरला दिलेलं उत्तर' असं लिहू नका.