विषय: अक्षरांच्या आत फोटो कसा भरायचा?

नमस्कार मंडळी,
स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर 'स्मरणिका' एवढा एकच ठसठशीत शब्द आणि त्याच्या अक्षरांतून आपला ग्रुप फोटो दिसतोय, असं करायचं ठरलंय. फोटोशॉपमध्ये शब्द टाइप केला तर 'स'चा पाय मोडला आणि वेलांटी 'ण'च्या उजवीकडे जाऊन बसली. फोटो वर ठेवला की शब्द झाकला जातो, खाली ठेवला की नुसता फोटोवर लिहिलेला शब्द. इथवर पोचले आणि लॅपटॉप मिटला. कोणी वाट दाखवेल का?
– स्मरणिका समिती

---

ताई,
आधी वेलांटीचं. प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप' या भागात टेक्स्ट इंजिन निवडायची सोय दिसत असेल तर ते 'वर्ल्ड-रेडी लेआउट' करा (जुन्या आवृत्तीत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं दिसेल) आणि शब्द नव्या फाइलमध्ये पुन्हा टाइप करा. जोडाक्षरं ताळ्यावर येतील.

फोटो वरच ठेवायचा, तुमचं तेवढं बरोबर होतं. लेयर्सच्या (थरांच्या) यादीत फोटो वर, शब्द खाली. ऑल्ट दाबून धरा आणि दोन्ही लेयर्सच्या मधल्या रेषेवर क्लिक करा. झाला क्लिपिंग मास्क! फोटो फक्त अक्षरांपुरता उरतो. मूव्ह टूलने तो आत हवा तसा सरकवता येतो आणि शब्दाचं स्पेलिंगही नंतर बदलता येतं. 'टाइप मास्क टूल'च्या नादी लागू नका, त्यात शब्दाचं नुसतं सिलेक्शन होतं, मग दुरुस्ती विसरा.

फॉन्ट खराच जाड घ्या. मुक्ताचं एक्स्ट्राबोल्ड किंवा नोटो सान्स देवनागरीचं ब्लॅक चालेल. बारीक फॉन्टवर 'फो बोल्ड' (कृत्रिम जाडी) लावलंत तर 'स' आणि 'ण'मधल्या मोकळ्या जागा बुजतात. आणि इंग्रजी पोस्टर बघून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका हो! तिथे ते शोभतं, इथे शिरोरेखेचे तुकडे पडतात. खरं तर ती रेघच आपली जमेची बाजू. सगळ्या शब्दावरून फोटोची सलग पट्टी जाते, इंग्रजी अक्षरांना ते सुख नाही.

---

फोटोशॉप नसणाऱ्यांसाठी: मी गिंप वापरतो. टेक्स्ट लेयरवर राइट क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन', मग फोटोच्या लेयरवर 'ॲड लेयर मास्क' आणि त्यात 'सिलेक्शन' निवडा. टेक्स्ट लेयरचा डोळा बंद करा. शब्द बदलला तर मात्र सगळं पहिल्यापासून. मी एकदा ऱ्हस्व-दीर्घाच्या पायी तीनदा केलंय.

---

जमलं! दोघांचे आभार. पण अध्यक्ष 'र' आणि 'णि'च्या मधल्या फटीत गडप झालेत. खजिनदारांचा एक कान 'का'च्या कान्यात, बाकीचे बाहेर. फोटो डावीकडे सरकवला की अध्यक्ष येतात आणि चिटणीस जातात. शिवाय वरचं आकाश पांढऱ्या कागदात मिसळून शिरोरेखाच नाहीशी झालीय.

---

ताई, चेहऱ्यांचा फोटो अक्षरांत कधीच बसत नाही, कोणीतरी रुसणारच. तो आतल्या पानावर अख्खा छापा. अक्षरांत असा फोटो हवा ज्याचा कुठलाही तुकडा कापला तरी बिघडत नाही: पानं, पाणी, रंगीत कापड, मागून काढलेली गर्दी.

आकाशासाठी शब्दाच्या लेयरला (फोटोच्या नव्हे) दोन-तीन पिक्सेलचा गडद 'स्ट्रोक' (कडेची रेघ) द्या, किंवा गडद भाग शिरोरेखेत येईल असा फोटो खाली-वर करा. मी दुसरं करून बघेन, स्ट्रोकने अक्षर स्टिकरसारखं दिसतं.

एक राहिलं. फोटो व्हॉट्सॲपवरून घेतला असेल तर तो आक्रसलेला असतो. 1600 पिक्सेल रुंदीचा फोटो 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर भरतो, तुमचा शब्द तर पानभर आहे. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा.

---

मागवली. गर्दीचा, मागून काढलेला. अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही.