आवाजाच्या वेळेवरून स्पीकर आणि माइकच्या जागा काढताना सगळी अंतरे जास्त का भरतात?

तालीमघर: आमच्या तालमीच्या हॉलमध्ये 4 स्पीकर आणि 6 माइक टांगलेले असून त्यांच्या जागा केवळ आवाजाच्या वेळेवरून काढण्याचा माझा प्रयत्न आहे. एकेका स्पीकरमधून स्वीप (खालच्या पट्टीतून वर चढत जाणारा सूर) वाजवून मी सहाही माइकवर सेकंदाला 48,000 सॅम्पलने (आवाजाच्या नोंदींनी) ध्वनिमुद्रण करतो, क्रॉस-कोरिलेशनचे (वाजवलेला स्वीप मुद्रणात कोणत्या क्षणी किती जुळतो हे दाखवणाऱ्या आलेखाचे) सर्वांत उंच शिखर शोधतो आणि त्या वेळेला आवाजाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 343 मीटरने गुणतो. टेपने पडताळले असता अडीच मीटरवरच्या जोडीचे अंतर 1.65 मीटरने, तर साडेसात मीटरवरच्या जोडीचे 1.55 मीटरने जास्त येते. खांबाआडचा माइक तर तीन मीटर चुकतो. नकाशाही आरशातल्यासारखा उलटा येतो.

ध्वनिरेखा: सगळ्याच अंतरांत जवळपास सारखी भर पडते, त्याअर्थी ती साउंड कार्ड आणि बफरच्या (आवाज तात्पुरता साठवणाऱ्या स्मृतीच्या) विलंबाची आहे. कार्डाचे एक आउटपुट केबलने त्याच्याच एका मोकळ्या इनपुटला जोडा, तोच स्वीप तिथेही मुद्रित करा आणि वेळ त्या शिखरापासून मोजा. खांबाआड थेट आवाज क्षीण होतो आणि भिंतीवरून परतलेला वरचढ ठरतो. म्हणून सर्वांत उंच नव्हे, तर गोंगाटाच्या वर उठणारे पहिले शिखर घ्यावे.

समीकरण: लांबच्या जोडीत भर 10 सेंटिमीटरने कमी आहे, हे मला महत्त्वाचे वाटते; म्हणजे धरलेला वेग कमी पडत असावा. 343 हा वेग साधारण 20 अंश सेल्सिअसचा आहे; 31 अंशांना तो 350 च्या आसपास जातो. हॉलचे तापमान मोजा. त्याहून मोठी अडचण अशी की, 4 स्पीकर आणि 6 माइक मिळून 24 अंतरे मिळतात आणि दहा बिंदूंचे 30 सहनिर्देशक वजा सरकवणे व फिरवणे यांचे 6, असे अज्ञातही 24 च उरतात. चूक पकडायला एकही समीकरण शिल्लक राहत नाही. एक स्पीकर वेगळ्या उंचीवर हलवून पुन्हा मोजलेत, तर 27 अज्ञातांसाठी 30 अंतरे मिळतील. आरशातली प्रतिमा मात्र अंतरांवरून कधीच ओळखता येणार नाही. कोणता माइक कोणत्या बाजूला आहे, हे तुम्हालाच सांगावे लागेल.

तालीमघर: दोघांचेही मनापासून आभार. केबलवरचा विलंब 238 सॅम्पल निघाला आणि हॉलचे तापमान 31 अंश. खांबाआडच्या माइकच्या आलेखात उंच शिखराच्या अलीकडे एक बारीक उंचवटा होता, तो मी गोंगाट समजून सोडून देत होतो. खरे अंतर तिथेच होते. एक स्पीकर स्टुलावर ठेवून केलेल्या पाचव्या फेरीनंतर टेपशी फरक 2 सेंटिमीटरच्या आत आला आहे.