मदत हवी आहे: सोफ्यामागच्या भिंतीला मोरपंखी की विटकरी? पेंटर उद्या येतोय

रानवारा: उद्या सकाळी पेंटर डबे आणायला जाणार आणि आमचं अजून ठरत नाहीये. हॉलमध्ये सोफ्यामागे एकच भिंत गडद करायचीय, मला मोरपंखी हवाय, ह्यांना विटकरी, बाकी भिंती ऑफव्हाइट. शेडकार्ड बघून डोकं उठलंय, प्लीज काय ते एक सांगा.

चहाबाज: खिडकी कुठल्या दिशेला? दिवे पांढरे की पिवळे? सोफा कुठल्या रंगाचा? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

सांगलीकर: डोळे झाकून विटकरी घ्या. आमच्याकडे मोरपंखी होता, जरा कुणाचा हात घासला की पांढरट ओरखडा, शेवटी विटकरी मारला.

मीच_ती: सांगलीकर, तो ओरखडा मॅट फिनिशचा, रंगाचा नाही. गडद मॅट कुठलाही घ्या, उठतोच. सॅटिन पुसता येतं पण पुट्टी नीट घासलेली नसेल तर सगळे उंचवटे चमकतात.

अनु७: ईशान्येच्या भिंतीला लालसर नको म्हणतात हं.

चहाबाज: अनुताई, भिंत कुठली तेच अजून कळलं नाहीये.

कोकणकडा: आधी ओल आहे का बघा. ओल असेल तर कितीही महागडा रंग मारा, पावसाळ्यात पापुद्रे सुटणारच.

रानवारा: ओल नाही हो, पाचवा मजला आहे, वर अजून दोन आहेत. खिडकी एकच, पश्चिमेला. सोफा मोहरी रंगाचा. दिवे वॉर्म, खोक्यावर ३००० के लिहिलंय.

चहाबाज: मग मोरपंखीच. चारनंतर पश्चिमेचं तांबूस ऊन, रात्री पिवळे दिवे, त्यात मोहरी सोफा आणि मागे विटकरी म्हणजे सगळं एकात एक मिसळणार. मोरपंखी त्या दिव्यात जरा हिरवट दिसेल, पण सोफा मस्त उठून येईल.

सांगलीकर: एका खिडकीच्या हॉलला मोरपंखी म्हणजे अंधार.

मीच_ती: विटकरी तरी कुठे उजेड देतो? रानवारा, शेडकार्डच्या चिमूटभर चौकोनावर जाऊ नका. दोन्हीचे सॅम्पलचे छोटे डबे आणा, मोठ्या पुठ्ठ्याला प्रायमर, वर दोन हात, आणि पूर्ण वाळू द्या कारण वाळल्यावर गडद होतो. मग सोफ्यामागे उभा धरून दुपारी बघा, रात्री दिवे लावून बघा.

रानवारा: पेंटरला परवावर ढकललं, डबे आत्ताच आणते. हेपण म्हणाले रात्रीच्या उजेडात जो बरा दिसेल तो.

सांगलीकर: काहीही घ्या पण थोडा जास्त घेऊन ठेवा, नंतर मशीनवर परत टिंट करून आणलात तर टचअपचा पॅच दिसतो.