नुसतं म्यूट करून भागत नाही
मेसेजचा मारा कमी करायला ऑफिसचे सगळे चॅट ग्रुप म्यूट करा, हा सल्ला अर्धाच पुरतो. साचलेलं संध्याकाळी वाचावंच लागतं. खरी अडचण म्हणजे निर्णय गप्पांमध्ये हरवतात. आमची टीम डोंबिवली, वसई, पनवेल अशी पसरलेली, क्लायंट न्यूयॉर्कचा, म्हणजे उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. त्यामुळे चर्चा स्लॅक या ऑफिस-चॅट अ‍ॅपच्या थ्रेडमध्ये (एका मेसेजखालच्या उत्तरांच्या साखळीत), पण निर्णय एकाच शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये, तारीख आणि जबाबदार माणसाच्या नावासह. तातडीचं असेल तर सरळ फोन. माहिती वाचणाऱ्याचं लक्ष खाते, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. म्हणून मेहनत लिहिणाऱ्याने घ्यावी, असं माझं ठाम मत आहे: काय हवंय आणि कधीपर्यंत, हे पहिल्याच ओळीत. नव्याने लागलेल्या मुलांना तर हे आधी सांगा. ती बिचारी प्रत्येक मेसेजला लगेच उत्तर द्यायला रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवतात.